परवान्याचे पिस्तूल : कधी कमरेला, कधी कपाटात

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई भागात शेळ्या-बोकडांचा व्यापार करणारे एक वाचक मध्यंतरी आमच्याकडे आले होते. सोमवारी बेल्ह्याचा बाजार, शनिवारी चाकणचा, मधल्या दिवसांत गावोगावची खरेदी. पहाटे अंधारात निघायचे आणि रात्री अंधारातच परतायचे. खिशात रोकड आणि रस्ता सुनसान. डोळ्यांत मिरचीपूड टाकून व्यापाऱ्याची पिशवी पळवल्याच्या बातम्या त्यांनीही वाचलेल्या. त्यांचा प्रश्न सरळ होता : "परवाना काढला तर पिस्तूल रोज जवळ ठेवावे की फक्त बाजाराच्या दिवशी?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. बागवान, तांबोळी, खाटीक, भंगारवाले, बेकरीवाले, रोखीने धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो कधीतरी येऊन जातो. म्हणून कायदा काय सांगतो आणि व्यवहार काय सांगतो, ते या लेखात मांडत आहोत.

हक्क नव्हे, परवानगी

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. घराबाहेर पिस्तूल जवळ ठेवण्याचा हक्कही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला. आपल्याकडे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक ही परवानगीची वस्तू आहे. आपल्या राज्यघटनेत असा मूलभूत हक्क नसल्याची नोंद भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केली. तेव्हा सिनेमा पाहून मत बनवू नये.

कवठे येमाई पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येते. त्यामुळे परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हादंडाधिकारी या नात्याने आहे. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांना आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शारीरिक व मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पोलिसांचा अहवालही मागवला जातो.

लांब नळीची साधी बंदूक आणि पिस्तूल यांत कायदा फरक करतो. २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी, किंवा ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी मागितली, तर नाकारण्याचे कारण नसल्यास परवाना द्यावा असे कायदा म्हणतो. पिस्तूल-रिव्हॉल्वरसाठी मात्र 'सबळ कारण' दाखवावे लागते. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जान-मालाचे रक्षण करण्याची खरी गरज, हे कारण नियमांत मान्य आहे. ते कागदांनी सिद्ध करावे. खरेदी-विक्रीच्या पावत्या, बँकेचा उतारा, बाजार समितीचा परवाना आणि पूर्वी लूट वा धमकी झाली असेल तर तिची पोलीस तक्रार जोडावी.

लहान कारागिरांनी एक तरतूद लक्षात ठेवावी. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

झाकून बाळगणे हाच नियम

पुष्कळांना वाटते की पिस्तूल दिसले की चोर घाबरतो, म्हणून ते शर्टावरून दिसेल असे लावावे. हे चूक आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल अंगाला बांधलेल्या खोळीत, म्हणजे होल्स्टरमध्ये, किंवा तशाच पिशवीत हवे. ते पूर्णपणे झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पक्का ताबा हवा. दुकानाच्या गल्ल्यात, टेम्पोच्या डिकीत किंवा मोटारसायकलच्या डब्यात टाकून चहाला जाणे म्हणजे ताबा नव्हे.

परवाना ज्याच्या नावाचा, शस्त्र त्याचेच. वडिलांच्या नावाचे पिस्तूल घेऊन मुलगा किंवा गडी वसुलीला निघाला, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो. परवान्यावर रीतसर नाव नोंदवलेला राखणदार असेल तर गोष्ट वेगळी.

कुठे न्यायचे नाही

परवान्याच्या अटी छापील असतात, पण त्या वाचतो कोण? त्यातली एक अट आमच्या वाचकांनी पाठ करावी. दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल, तर शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, इतर सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येत नाही. म्हणजे येमाईची यात्रा, गावचा उरूस, मोहरमची मिरवणूक, राजकीय सभा, मुलांची शाळा, ही सारी ठिकाणे बंद. शाळेत मुलाला सोडून तसेच पुढे बाजाराला जायचे असेल, तरी पिस्तूल घेऊन फाटकाच्या आत पाऊल टाकता येणार नाही.

आठवडी बाजार हा 'सार्वजनिक जमाव' ठरतो की नाही, याचा वाद पोलीस ठाण्यात घालण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. परवाना देणाऱ्या कार्यालयाला हे आधी लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. अटीचा भंग झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. परवाना रद्द होण्याची शक्यता वेगळीच.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस तर पूर्ण सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात किंवा बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नदी ओलांडली की जिल्हा बदलतो

परवान्यावर 'क्षेत्र' लिहिलेले असते : एक जिल्हा, काही जिल्हे, संपूर्ण राज्य, किंवा देश. आमच्या कवठ्याच्या वाचकांना हे फार महत्त्वाचे. कुकडी ओलांडली की निघोज, म्हणजे पारनेर तालुका आणि अहिल्यानगर जिल्हा. हाच २०२४ पर्यंतचा अहमदनगर. परवाना फक्त पुणे जिल्ह्याचा असेल, तर पुलाच्या पलीकडे तो चालत नाही. ज्यांची खरेदी दोन्ही तीरांवर आहे त्यांनी अर्जातच दोन्ही जिल्हे मागावेत.

चाकणला जाताना हद्द दुसऱ्या प्रकारे बदलते. २०१८ पासून चाकण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. सण, आंदोलने, निवडणुका यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि प्रत्येक हद्दीचा आदेश वेगळा असतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस परवान्याची शस्त्रे जमा करण्यास सांगतात. लेखी आदेश आला की वेळेत जमा करून पावती घ्यावी.

गोळी कधी, आणि कधी नाही

स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वी हाच अधिकार दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा अधिकार जातो. मालमत्तेच्या बाबतीत तो जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहते घर किंवा मालाचे गोदाम पेटवणे अशा मोजक्याच प्रसंगी तिथपर्यंत जातो.

त्याला मर्यादाही आहेत. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा अधिकार उरत नाही. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. समजा, चोराने पिशवी हिसकावली आणि तो मोटारसायकलवरून पळाला. जिवाची भीती संपली. आता त्याच्या पाठीवर गोळी झाडली तर बचावाचा दावा टिकणे फार कठीण. पिशवीत चाळीस हजार होते की चार लाख, याने त्यात फरक पडत नाही. शिवाय आपण स्वसंरक्षणात वागलो हे कोर्टापुढे दाखवण्याची जबाबदारी आपलीच असते. गोळी झाडल्यानंतर पंचनामा, शस्त्र जप्ती, चौकशी आणि वर्षानुवर्षांच्या तारखा ठरलेल्या. दुकान तोवर कोण चालवणार?

बिबट्याचे काय?

कवठे, जांबूत, पिंपरखेड या पट्ट्यात माणसाइतकीच भीती बिबट्याची आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, शेवटी वनखात्याने नेमबाज आणून बिबट्याला ठार केले. त्यानंतर 'परवाना बिबट्यासाठीच काढतो' असे म्हणणारेही भेटतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. मात्र उसात दिसला म्हणून किंवा शेळी नेली म्हणून मागे लागून गोळी घालणे हा गंभीर गुन्हा आहे. अंधारात, अचानक झेप घेणाऱ्या जनावरापुढे कमरेचे पिस्तूल बाहेर काढायला वेळही मिळत नाही. तिथे बंदिस्त गोठा, उजेड आणि सोबत हेच खरे संरक्षण.

कारागिरांची हत्यारे

९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रेही शस्त्र कायद्याच्या यादीत आहेत. घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. खाटकाचा सुरा ओट्यावर असेल तर तो धंद्याचे हत्यार आहे. तोच सुरा मनाई आदेश असताना रात्री कमरेला लावून फिरलात, तर धंद्याचे कारण पटवून देणे अवघड जाईल. दुसऱ्या गावी कामाला जाताना हत्यारे गुंडाळून, बांधून, बाकी सामानासोबत न्यावीत. ज्याने कामाला बोलावले त्याची चिठ्ठी जवळ असली तर उत्तमच.

गावठी कट्ट्याचा मोह

परवान्याला वेळ लागतो म्हणून कोणी 'स्वस्तात आणून देतो' म्हणाले, तर त्याला दारातूनच परत पाठवा. मध्य प्रदेशातील उमरटीसारख्या ठिकाणांहून आलेली पिस्तुले पुण्याच्या पोलिसांनी वारंवार पकडली आहेत. विनापरवाना पिस्तूल सापडले तर २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद व दंड आहे. लुटीत एका दिवसाची कमाई जाते. कट्ट्यात घरातला कमावता माणूस जातो आणि नावाला बट्टा लागतो तो वेगळा. आपल्या तरुण मुलांना हे बसवून सांगणे प्रत्येक घरातल्या मोठ्यांचे काम आहे.

निर्णय घरातून निघताना

त्या शेळी-व्यापारी वाचकांसोबत आम्ही कागदावर त्यांचा आठवडा मांडला. रोज निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायचे. आजचा पूर्ण रस्ता परवान्याच्या क्षेत्रात आणि मनाई आदेशाच्या बाहेर आहे का? वाटेत जत्रा, मिरवणूक, सभा, शाळा असे एकही ठिकाण नाही ना? आणि दिवसभर शस्त्र माझ्या अंगावर, झाकलेले, माझ्याच ताब्यात राहील का? एकाचेही उत्तर नकारार्थी आले तर त्या दिवशी पिस्तूल रिकामे करून, कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी.

नदीपलीकडच्या खरेदीचे दिवस गेले. शाळेचा दिवस गेला. बाजाराच्या गर्दीचे तास शंकेत गेले. गर्दीत बकऱ्यांना धक्के खात, नोटा मोजत कमरेच्या शस्त्रावर ताबा ठेवणार कसा, हे त्यांनी स्वतःच विचारले. शेवटी उरले ते परतीच्या रस्त्यावरचे दोन-तीन तास. पण त्या तासांपर्यंत पोहोचायचे तर पिस्तूल बाजारातूनच आणावे लागणार!

मग आम्ही हिशेब उलटा केला. ते तास धोक्याचे कशामुळे? हातातल्या रोकडीमुळे. गिऱ्हाइकाकडून शक्य तेवढी रक्कम खात्यावर घ्यावी. तीन-चार व्यापाऱ्यांनी मिळून एकच टेम्पो करावा. निघण्याची वेळ आणि वाट अधूनमधून बदलावी. किती माल विकला हे चहाच्या टपरीवर बोलू नये. ११२ क्रमांक सोबतच्या प्रत्येकाला माहीत असावा. यातल्या कशालाही परवाना लागत नाही.

परवाना काढूच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याला खरोखर धमकी आहे, ज्याच्या धंद्यात मोठी रोकड टाळताच येत नाही, त्याने रीतसर अर्ज जरूर करावा. मात्र पिस्तूल घेणारा एकदा पैसे मोजतो आणि नंतर रोज सकाळी तेच तीन प्रश्न सोडवत बसतो. ज्याची तेवढी तयारी आहे त्यानेच या वाटेला जावे. आमच्या त्या वाचकांनी अर्जाची माहिती वहीत उतरवून घेतली आहे. तूर्त मात्र त्यांनी बेल्ह्याच्या बाजारासाठी दोन सोबती शोधले आहेत आणि खात्यावर पैसे घ्यायला सुरुवात केली आहे.