पहिल्या लेव्हलची शाळा

मोबाइलवर नवा गेम उघडला की सूचनांच्या चौकटी सुरू होतात. हे बटण दाबा, तिथे बोट ठेवा, आता ‘पुढे’ म्हणा. दोन-तीन चौकटींनंतर आपण न वाचताच टिचक्या मारत सुटतो आणि प्रत्यक्ष खेळताना त्यातलं काही आठवत नाही. आठवणार तरी कसं? ज्या माहितीची अजून गरजच पडलेली नाही, ती डोक्यात राहत नाही.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी निन्टेंडोसाठी १९८५मध्ये केलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल या दृष्टीने आजही मन लावून पाहावी अशी आहे. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली कन्सोलवरून हा गेम आपल्याकडच्या घरांत शिरला. माहितीपुस्तिका कोण वाचतंय! पोरं खेळता खेळता शिकली, कारण शिकवणी पडद्यावरच मांडलेली होती.

मारिओ डाव्या बाजूला उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जमीन. म्हणजे जायचं कुठे हे सांगावं लागत नाही. थोडं चाललं की समोरून गुम्बा नावाचा शत्रू येतो. आपटलो तर एक जीव जातो, पण वाया जातात फक्त काही सेकंद. पुन्हा तीच जागा, तोच गुम्बा, आणि या वेळी बोट उडीच्या बटणावर जातंच. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो. तो उजवीकडे घरंगळतो, पाइपावर आदळतो आणि उलटा आपल्याच अंगावर येतो. गुम्बाचा अनुभव ताजा असल्याने खेळणारा उडी मारून टाळू पाहतो, पण डोक्यावर विटा असल्याने उडी अडते आणि मशरूम बहुधा लागतोच. मारिओ मोठा होतो! हा शत्रू नव्हे, हे एका धडकेत कळतं.

मला सगळ्यात आवडते ती शेवटाकडची पायऱ्यांची जोडी. आधी दोन जिन्यांच्या मधे साधी जमीन असते. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. लगेच पुढे तसेच दोन जिने, पण मधे खड्डा. उडी तीच, फक्त आता चूक महाग. सरावाची जागा आणि परीक्षेची जागा अशी लागून ठेवायला खेळणाऱ्याविषयी खरी आस्था लागते.

रोपं लावून झॉम्बींना अडवायच्या, जॉर्ज फॅन यांच्या ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ने (२००९) हीच आस्था वेगळ्या रीतीने दाखवली. पहिल्या लेव्हलला अंगणात हिरवळीची एकच पट्टी, बाकी नुसती माती. लावायला रोपही एकच. सूर्यफूल नंतर येतं, पट्ट्या तीन होतात, मग पाच. २०१२च्या एका व्याख्यानात फॅन यांनी पडद्यावर एका वेळी आठाहून जास्त शब्द नसावेत असा दंडक सांगितला होता. शिवाय काही सूचना गरज पडली तरच येतात: सूर्यफुलं पुरेशी लावली नाहीत तर गेम आठवण करून देतो, लावली असतील तर गप्प बसतो.

हे साधायला वेळ लागतो, आणि बहुतेक ठिकाणी सूचनांच्या चौकटी घाईघाईने शेवटी चिकटवल्या जातात. मियामोतोंच्या चमूनेही सुरुवातीच्या लेव्हल शेवटी केल्या, पण कारण अगदी उलट होतं. पुढे खेळणाऱ्याला काय काय जमायला हवं, हे तोवर त्यांना नीट कळलेलं होतं. गुम्बासुद्धा असाच उशिरा जन्मला: आधी होती ती कासवं, आणि त्यांच्यावर आधी उडी मारून त्यांना कवचात शिरायला लावायचं, मग लाथाडायचं, हे नवख्याला जड गेलं असतं.