चला, दोन दिवस गाणं ऐकायला!

आपल्या घरांत सहल हा शब्द बहुधा मुलांच्या शाळेपुरताच असतो. मोठ्या माणसांचा प्रवास म्हणजे लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख, नाही तर ऊसतोडीचा ट्रॅक्टर. केवळ आनंदासाठी, गाणं ऐकण्यासाठी आणि चार घास वेगळं काही खाण्यासाठी घराबाहेर पडायचं म्हटलं, की घरातली जाणती माणसं विचारतात, "ही चैन आपल्याला परवडणार आहे का?"

प्रश्न खोटा नाही. बीड जिल्ह्यातल्या कष्टकरी घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही दोन दिवसांचा आनंद ही फक्त पोट भरलेल्यांचीच गोष्ट आहे, असं मानण्याचं कारण नाही. थोडा हिशोब केला तर ती आपल्यालाही जमते.

जपानचं उदाहरण पाहा. तिथल्या लहान गावांतली तरुण मुलं-मुली आवडत्या गायकाच्या कार्यक्रमासाठी शनिवार-रविवारी टोकियोला किंवा ओसाकाला जातात. त्यासाठी त्यांच्या भाषेत 'एन्सेई' असा शब्दच आहे. त्याचा मूळ अर्थ लांबची स्वारी! पैसे वाचवायचे म्हणून पुष्कळजण रात्रीच्या बसने प्रवास करतात. दिवसा शहर पाहायचं, रस्त्याकडेच्या दुकानात शेवयांचं गरम रामेन खायचं, संध्याकाळी गाणी ऐकायची आणि पुन्हा कामावर हजर व्हायचं. टोकियोतलं बुदोकान हे सभागृह १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलं गेलं. १९६६ मध्ये तिथे इंग्लंडच्या बीटल्स मंडळींनी गाणी म्हटली आणि पुढे ते गाण्यांसाठीच जगभर गाजलं.

आपलं बुदोकान कोणतं? त्याला छप्पर नाही आणि तिकीटही नाही. ते आहे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत, विद्यापीठाच्या गेटसमोर.

१४ जानेवारीचा मेळा

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं असा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरलं, ते आजही आपल्या घरांतली म्हातारी माणसं सांगतात. घरं जळाली, माणसं मारली गेली, बिऱ्हाडं गाव सोडून गेली. १९७९ चा लाँग मार्च निघाला. आंदोलन सोळा वर्षं चाललं. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव लागलं.

तेव्हापासून दरवर्षी १४ जानेवारीला मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून लोक त्या गेटसमोर येतात. शहिदांना अभिवादन होतं, सभा होतात, पुस्तकांची दुकानं लागतात आणि गाण्यांचे कार्यक्रम रंगतात. २०२३ मध्ये हा दिवस शनिवारी आला होता आणि २०२४ मध्ये रविवारी. इतर वर्षी एखादी रजा किंवा एक दिवसाचा खाडा धरावा लागतो. संक्रांतही त्याच सुमारास असते, त्यामुळे शाळकरी मुलांची अडचण कमी होते.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. जानेवारी म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. आपले हजारो बंधू-भगिनी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. त्यांना हा दिवस गाठता येत नाही. मात्र त्यांची शाळेत जाणारी मुलं पुष्कळदा गावी आजी-आजोबांकडे असतात. शेजारच्या घराने सहलीला निघताना अशा एखाद्या मुलालाही सोबत घेतलं, तर त्याचे आई-बाप फडातही सुखावतील. फोनवरून मुलगा त्यांना सांगेल, "आज मी बाबासाहेबांचं विद्यापीठ पाहिलं."

गाणं ही करमणूक आहे, शाळाही आहे

आपल्याकडे गाणं नुसतं वेळ घालवायला आलेलं नाही. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या जलशांनी अक्षरओळख नसलेल्या लोकांपर्यंत चळवळीचा विचार पोचवला. वामनदादा कर्डकांचा जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. ते मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकले आणि पुढे गावोगाव फिरून आयुष्यभर गात राहिले. २००४ मध्ये ते गेले. त्याच वर्षी प्रल्हाद शिंदेही गेले. त्यांचा भारदस्त आवाज कॅसेटच्या काळात प्रत्येक वस्तीत घुमत होता. पुढे आनंद आणि मिलिंद या त्यांच्या मुलांनी लोकगीतांबरोबर भीमगीतांचाही वारसा चालवला. अलीकडे एकतारी घेऊन गाणाऱ्या संभाजीनगरच्या कडुबाई खरात मोबाईलवरून घराघरात पोचल्या. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. म्हणजे संगीताची ओढ ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

मोबाईलवर सारं काही फुकट ऐकायला मिळतं, मग इतक्या लांब कशाला जायचं, असं तरुण मुलं म्हणतील. मोबाईलवर गाणं एकट्याने ऐकलं जातं. मैदानात हजारो माणसं एकाच ओळीला टाळी देतात. ज्या गावात आपली घरं मोजकीच आहेत आणि ज्या गावात जयंतीची मिरवणूक कोणत्या रस्त्याने न्यायची यावरून अजूनही तणाव होतो, तिथल्या मुलाला हे दृश्य एकदा पाहू द्या. आपण थोडे नाही, हे त्याला भाषणाने जेवढं कळणार नाही तेवढं त्या टाळीने कळेल.

बसचा हिशोब

बीडहून संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर. गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडायची, मग पाचोड आणि आडूळ. तीन तासांच्या आसपास वेळ लागतो. परळीकडच्यांना परभणी-जालना मार्गे रेल्वे आहे. बीड शहरालाही सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे आली, पण ती अहिल्यानगरच्या बाजूने. त्यामुळे संभाजीनगरसाठी एसटीच बरी.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. आता हिशोब करा. नवरा, बायको, दहा-अकरा वर्षांच्या आतली दोन मुलं आणि ऐंशी वर्षांची आजी अशी पाच माणसं निघाली तर तिकिटं होतात फक्त अडीच. आजीचं आधार कार्ड तेवढं आठवणीने बरोबर घ्या.

हा खर्च मुकादमाच्या उचलीतून करू नका. व्याजाने पैसे काढून तर मुळीच नको. दिवाळीपासून दर आठवड्याला थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकले, तर जानेवारीपर्यंत गाडीभाडं जमतं. वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवलं तर सोबतही होते आणि खर्चही वाटला जातो.

मुक्काम आणि चूल

वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत बीड जिल्ह्यातली खूप माणसं कामाला आहेत. मुकुंदवाडी, भावसिंगपुरा अशा भागांत कुणी ना कुणी नातेवाईक निघतोच. पण एका खोलीच्या घरात आठ पाहुणे उतरले तर त्या घरच्या वहिनींचा सणाचा दिवस चुलीपुढेच जातो. त्यांनाही गाणं ऐकायला यायचं असतं, हे ध्यानात ठेवा. जाताना ज्वारी-बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, थोडे तीळ-गूळ न्या. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्या, जानेवारीत रात्री थंडी असते. आणि वहिनींना कार्यक्रमाला सोबत घेऊन जा.

पहिल्या दिवसाची शिदोरी घरून असावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन दिवस टिकतात. सोबत ठेचा असला की झालं. सकाळी मुक्कामी चुरमुऱ्यांचा सुशीला दहा मिनिटांत होतो आणि सगळ्यांचं पोट भरतं. पण दोन दिवसांत निदान एक जेवण बाहेर, बसून, दुसऱ्याच्या हातचं घ्या. सहलीतही घरच्या बाईच्या हातात पोळपाट असेल, तर ती सहल तिची नव्हेच.

औरंगाबादची खरी ओळख म्हणजे नान-खलिया. तंदुरीत भाजलेला मऊ, पिवळसर नान आणि मसालेदार मटणाचा रस्सा. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला असं सांगतात. मोठ्या फौजेला एकाच वेळी जेवू घालायची ही युक्ती. जुन्या शहरात तो आजही मिळतो. एका भांड्यातला रस्सा दोघांना पुरतो, म्हणून आधी भाव विचारा, मग मागवा. मटण न खाणाऱ्यांसाठी गुलमंडीच्या बाजारात भजी, मिठाई, चाट असं सगळं मिळतं.

यात पोटापलीकडचीही एक गोष्ट आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी गावच्या हॉटेलात आपल्यासाठी कपबशी वेगळी असे. ती आपणच विसळून ठेवायची. आज शहरातल्या हॉटेलात टेबलाशी बसून, जात न सांगता, सगळ्यांसारख्याच ताटात जेवताना मुलांना हे जरूर सांगा. त्यांना जे सहज मिळतंय, ते किती झगड्यानंतर मिळालं आहे, हे त्यांना कळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी: दगडातली मैफल

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी नागसेनवनात जा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राजवटीतून बाहेर पडला होता. बीडसारख्या जिल्ह्यांतल्या आपल्या पहिल्या पदवीधरांपैकी कितीतरी जण याच आवारात घडले. दहावी-बारावीच्या मुला-मुलींना वसतिगृह आणि ग्रंथालय दाखवा. कुठली परीक्षा, किती फी, कोणती शिष्यवृत्ती हे तिथेच विचारून घ्या.

तिथून विद्यापीठामागच्या डोंगरातली बुद्धलेणी जवळ आहेत. सातव्या क्रमांकाच्या लेण्यात जरूर थांबा. आत भिंतीवर मधोमध एक स्त्री नृत्य करताना कोरलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा स्त्रिया वाद्यं वाजवत बसल्या आहेत. हे शिल्प सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचं. बुद्धमूर्तीच्या शेजारी कारागिरांनी बायकांची मैफल कोरली! आदल्या रात्री मैदानात गाणं ऐकून आलेल्या पोरींना हे शिल्प पाहताना नक्की आनंद होईल. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले माणसाएवढे उपासक-उपासिका आहेत, तेही पाहा.

वेळ असेल तर वेरूळ तीसेक किलोमीटरवर आहे. तिथली पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. दहाव्या लेण्याच्या कमानदार छताखाली हळू म्हटलेली वंदनाही घुमते. वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवून दिवस ठरवा. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे आणि सोमवारी बंद असतो. तो पुढच्या सहलीला ठेवलेला बरा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना तिकीट लागत नाही.

गर्दीत जाताना

मुलाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. गेटच्या अगदी पुढ्यातली जागा ठरवू नका, तिथेच सर्वांत जास्त रेटारेटी असते. स्पीकरच्या भिंतीपासून लांब बसा. त्या आवाजाने तान्ह्या मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या जिवाला त्रास होतो. गाण्याचे शब्द ऐकू आले तरच ते गाणं, नाही तर नुसता दणका. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, हे पोचल्याबरोबर पाहून ठेवा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारा. सोबतच्या कुणी दारू प्यायली असेल, तर त्याला पुढच्या वर्षी सोबत घेऊ नका. एवढी शिक्षा पुरे.

निघताना पुस्तकांच्या दुकानातून घरात एक तरी पुस्तक आणा. मुलाने स्वतः निवडलेलं असलं तर उत्तम.

परवडेल का, हा प्रश्न घरातली जाणती माणसं विचारतील, त्यांनी विचारावाच. अडीच तिकिटं, डब्यातली बचत, घरच्या दशम्या आणि एका वेळचं हॉटेलातलं जेवण, एवढा हिशोब त्यांच्यापुढे मांडा. आणि त्यांनाच पहिल्यांदा खिडकीजवळची जागा द्या. ज्यांनी १९७८ साल सोसलं, त्यांनी त्या गेटसमोर निवांत बसून गाणं ऐकणं, हे कोणत्याही हिशोबात महाग नाही.