बंद नळीतला दाब

हायड्रॉलिक दाब समजून घ्यायचा असेल तर कऱ्हाडच्या विमानतळाआधी रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याचं किंवा सांगलीच्या वसंतदादा कारखान्याचं मिल हाउस गाठावं, असं मी कुणालाही सांगेन. गाळप चालू असताना मिलमध्ये शिरणाऱ्या उसाचा थर कधीच एकसारखा नसतो. जाड थर आला की वरचा रोलर उचलतो, तो सरला की पुन्हा खाली बसतो. ऊस नीट पिळला जावा म्हणून या रोलरच्या दोन्ही टोकांवर तेलाचा दाब ठेवतात, चौरस सेंटिमीटरला साधारण १५० ते २०० किलोच्या घरात. रोलर उचलला की ते तेल कुठं जाणार? तेल दाबून लहान होत नाही. म्हणून शेजारी अ‍ॅक्युम्युलेटर बसवलेला असतो. जाड पोलादी बाटली, तिच्यात रबरी ब्लॅडर आणि ब्लॅडरमध्ये नायट्रोजन. मागे सरकलेलं तेल बाटलीत शिरतं, वायू आकसतो. रोलर उतरू लागला की तोच वायू तेलाला परत लोटतो. ही सोय नसती तर प्रत्येक जाड थराचा धक्का शाफ्टला आणि बेअरिंगला सोसावा लागला असता.

मिल फिटरला हे सगळं गेजच्या काट्यावरून कळतं. काटा हलका डुलत असेल तर ठीक. एकाच जागी अडून राहिला किंवा जोरात आपटू लागला तर ब्लॅडरमधला वायू गेलेला असण्याचा संशय तो आधी घेतो. स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्या माणसाला नेमकी हीच नजर लागते.

असं विमान बांधणारा माणूस आपल्याच मुलखातला आहे. कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातले. व्यवसायानं वैमानिक असलेल्या यादवांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. त्याआधीचे दोन प्रयत्न उड्डाणापर्यंत पोचले नव्हते. हे तिसरं, म्हणून त्याचं नाव टीएसी-००३. क्रेननं खाली उतरवलेलं हे विमान २०१६च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. २०१७च्या नोव्हेंबरात त्याची व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी झाली, २०१९च्या ऑक्टोबरात उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. वर्तमानपत्रांतून गच्ची गाजली, परवान्याची लढाई गाजली, आणि ते योग्यच होतं. पण अशा विमानाच्या पोटात जे हजार बारीक निर्णय बांधणाऱ्याला एकट्यानं घ्यावे लागतात, त्यांच्याविषयी मराठीत फारसं लिहिलं गेलं नाही. तेलाचा दाब हा त्यांतला एक.

छोट्या विमानात हायड्रॉलिक्स प्रथम भेटतं ते ब्रेकमध्ये. वैमानिकाच्या पायाखालच्या दोन पेडलांना दोन वेगळे मास्टर सिलिंडर, डाव्या चाकाचा एक, उजव्याचा एक. हिशेब पास्कलच्या नियमाचा आहे. मास्टर सिलिंडरच्या २ चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर ६० किलोचा जोर पडला तर तेलात चौरस सेंटिमीटरला ३० किलोचा दाब तयार होतो. चाकाजवळचा पिस्टन १५ चौरस सेंटिमीटरचा असेल तर तिथं ४५० किलोचा जोर मिळतो. जोर साडेसात पट वाढतो, पण चाकाजवळचा पिस्टन सरकतो पेडलच्या बाजूच्या पिस्टनच्या साडेसाताव्या हिश्श्याइतकाच. म्हणून नळीत हवेचा लहानसा बुडबुडा राहिला तरी पेडलची सगळी धाव तो बुडबुडा दाबण्यातच संपते. अनुभवी बांधणारे म्हणूनच खालच्या कॅलिपरच्या निपलमधून तेल वर ढकलतात. हवा आपल्या स्वभावानं वरच जाते आणि टाकीतून बाहेर पडते.

तेलाची निवड तर अजिबात मन मानेल तशी करायची नाही. छोट्या विमानांत बहुधा एमआयएल-एच-५६०६ या क्रमांकाचं लाल खनिज तेल वापरतात आणि त्यांची सीलं त्याच तेलाला साजेशा रबराची असतात. गॅरेजमधलं मोटारीचं ब्रेक ऑइल त्यात ओतलं तर ती फुगतात, खराब होतात. डबा सहज हाताशी येतो, तेवढाच हा धोका मोठा.

बंद नळीत अडकलेल्या तेलाचा स्वभाव मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पार्किंग ब्रेक ओढला की व्हॉल्व्ह बंद होतो आणि तेल चाकाकडच्या नळीत कोंडलं जातं. एप्रिलच्या उन्हात विमान तसंच उभं राहिलं तर तेल प्रसरण पावतं. फुगायला जागा नसल्यानं दाब चढत जातो आणि सीलांवर ताण येतो. उलट, तापलेल्या डिस्कसह उतरल्यावर लगेच ब्रेक ओढून ठेवला तर संध्याकाळी तेल आकसतं, दाब उतरतो आणि विमान हलू शकतं. म्हणून चाकांना अडण्या लावायच्याच. कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेल्या कऱ्हाडच्या धावपट्टीवर उन्हाळ्याच्या दुपारी जो उभा राहिला असेल, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आत ओढली जाणारी चाकं असली की प्रश्न मोठा होतो. अनेक हातबांधणीच्या विमानांत बॅटरीवर चालणारा लहान पंप असतो. चाकं वर गेली, दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की प्रेशर स्विच पंप बंद करतो. पुढं चाकं वर धरून ठेवतो तो हाच कोंडलेला दाब. आता पंप दर काही मिनिटांनी आपोआप सुरू होऊ लागला, तर कुठंतरी दाब झिरपतो आहे. जमिनीवर तेलाचा थेंब नसेल तर गळती आतली असते, पिस्टनच्या ओ-रिंगमधून किंवा चेक व्हॉल्व्हमधून. इथं अ‍ॅक्युम्युलेटर बसवला तर बारीक गळती तो भरून काढतो, पंपाची धडपड कमी होते. मात्र त्यामुळे दोष झाकलाही जातो, म्हणून गळती शोधल्याशिवाय अ‍ॅक्युम्युलेटरचा आधार घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्यातल्या नायट्रोजनचा दाबही तेलाचा दाब शून्यावर आणूनच मोजायचा. नाहीतर गेज तेलाचा आकडा दाखवतं आणि आपण वायूचा समजून बसतो.

हे सगळं शिकायला परदेशी पुस्तकं आहेतच, पण माणसंही आहेत, आणि ती जवळ आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला तो कारखाना आज पंपांसाठी ओळखला जातो. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७चं, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०चं. त्यांच्या भोवती साखर कारखान्यांचा पट्टा पसरलेला. गाळप संपलं की ऑफ सीझनमध्ये मिलचं हायड्रॉलिक्स उघडतात, सीलं बदलतात, ब्लॅडर तपासतात. विमानाची आवड असलेल्या मुलांनी ते काही आठवडे फिटरांच्या हाताखाली काढले पाहिजेत. वजन आणि जागा यांचा विमानातला हिशेब फार वेगळा आहे. पण दाब आधी शून्यावर आणायचा आणि मगच नट सैल करायचा, ही सवय वर्गात लागत नाही.

बांधून झालेल्या विमानाची परीक्षाही त्याच शिस्तीनं घ्यायची. विमान जॅकवर चढवून चाकं वर घ्यायची आणि पंपाचा वीजपुरवठा तोडायचा. मग आपत्कालीन व्हॉल्व्ह उघडायचा. दाब सुटला की चाकं स्वतःच्या वजनानं आणि स्प्रिंगच्या जोरानं खाली येऊन तिन्ही लॉक बसली पाहिजेत, कारण खाली आलेली चाकं धरायची जबाबदारी तेलावर नसते, लोखंडी लॉकवर असते. एक जरी लॉक बसलं नाही तर विमान जॅकवरच राहतं.