ताळा जुळतो तेव्हा…

शालेय बीजगणितातील ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ परीक्षेनंतर विस्मरणात जातात, असा सर्वसाधारण समज आहे. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात मात्र ती अहोरात्र राबत असतात. कोलकात्यातील गार्डन रीच येथे दक्षिण पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. तिची पूर्वज असलेली बंगाल-नागपूर रेल्वे १८८७ मध्ये स्थापन झाली. १९०० मध्ये तिचा लोहमार्ग हावड्यास पोहोचला आणि विदर्भ व कोलकाता यांतील अंतर जणू आकसले.

गाड्यांच्या आलेखात आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर अंतर असते. समान वेगाने धावणारी प्रत्येक गाडी म्हणजे एक सरळ रेषा. हावडा ते नागपूर अंतर सुमारे ११३१ किलोमीटर. समजा, हावड्याहून ताशी सरासरी ४५ व नागपूरहून ४२ किलोमीटर वेगाने दोन गाड्या एकाच वेळी निघाल्या. ‘क्ष’ तासांनी हावड्यापासूनचे अंतर ‘य’ मानल्यास समीकरणे अशी होतील :

य = ४५क्ष
य = ११३१ − ४२क्ष

पहिली रेषा चढती, दुसरी उतरती. दोन्ही जेथे छेदतात, तो बिंदू म्हणजे उकल : १३ तास, ५८५ किलोमीटर. म्हणजे झारसुगुडा व बिलासपूर यांच्या दरम्यान.

परंतु आलेखावरून वाचलेले उत्तर डोळ्यांवर व पट्टीवर अवलंबून असते. म्हणून पडताळा आवश्यक. ४५ × १३ = ५८५; ११३१ − ५४६ = ५८५. दोन्ही समीकरणे समाधानी! याउलट कोणी घाईने १२ तास व ५४० किलोमीटर असे उत्तर काढले, तर पहिले समीकरण जुळते. दुसरे मात्र ६२७ दाखविते. एकाच समीकरणात ताळा पाहणारा येथे हमखास फसतो. एकेरी मार्गावर ही चूक महागात पडते. कारण गाड्यांची भेट स्थानकातच व्हावी लागते आणि छेदबिंदू दोन स्थानकांमध्ये पडला, तर एका गाडीस आधीच थांबवून ठेवावे लागते.

एकाच दिशेने, समान वेगाने, मागेपुढे निघालेल्या गाड्यांच्या रेषा समांतर असतात. तेथे उकलच नसते.

एके काळी पेन्सिल व पट्टीने काढले जाणारे हे आलेख आता संगणकावर उमटतात. तत्त्व मात्र तेच. बँकेच्या ताळेबंदातही हाच ‘ताळा’ दडलेला आहे : उत्तर एका बाजूने नव्हे, दोन्ही बाजूंनी जुळावे लागते. कर्जाचे दोन पर्याय अथवा घरखर्चाचा मेळ तपासतानाही ही शालेय सवय उपयोगी पडावी.