बूच पक्कं बसलंय का?

आखातात तेलाच्या कामावर असलेला कुणी ना कुणी कोकणातल्या मोहल्ल्यात भेटतोच. त्याला विचारा, विहीर काही महिने बंद ठेवायची तर काय करतात? तळाशी सिमेंटचं बूच भरतात. मग वरून पंपाने दाब द्यायचा, पंप थांबवायचा आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरला, की कुठेतरी गळती आहे. काम कंटाळवाणं, पण राखण तीच.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला तिमोर समुद्रात मोंटारा तेलक्षेत्र आहे. तिथली एक विहीर मार्च २००९ मध्ये अशीच बंद केली. सिमेंट भरताना आत ढकललेला द्रव उलटा वर आला. इशाराच तो! तरी द्रव पुन्हा आत लोटला, आणि सिमेंट घट्ट झाल्यावर पुन्हा दाब देऊन कुणी पाहिलं नाही. वर दोन झाकणं हवी होती, बसवलं एकच. उघड्या राहिलेल्या नळीचे आटे गंजले. ऑगस्टमध्ये ते साफ करायला तेही झाकण काढलं. दुसऱ्याच दिवशी, २१ तारखेला, तेल आणि वायू उसळले.

६९ कामगार सुखरूप सुटले. गळती मात्र ७४ दिवस चालली. इंडोनेशियातल्या रोटे बेटावर समुद्री शैवालाची शेती करणाऱ्यांचं पीक मेलं. त्यांच्यातल्या एकाने हजारो शेतकऱ्यांच्या वतीने ऑस्ट्रेलियात दावा लावला. निकाल त्याच्या बाजूने लागला, २०२१ मध्ये.