इंदूरचं खत आणि अराकूची कॉफी

छत्रीबागेत होळकरांच्या छत्र्या आहेत, हे इंदूरच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण जगभरच्या शेतकऱ्यांपर्यंत आपल्या शहराचं नाव पोचलं ते खतामुळे. कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ शेतीच्या पुस्तकांत आजही शिकवली जाते. आणि या खताचं कॉफीशी जुनं नातं आहे.

१९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. आजचं आपलं कृषी महाविद्यालय ते हेच. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. संशोधन मुख्यतः कापसाचं, पण एक प्रश्न समोर होताच: शेतकऱ्याचं बरंचसं शेण चुलीत जळतं, मग जमिनीला द्यायचं काय? उत्तर साधं निघालं. पालापाचोळा, पऱ्हाट्या, थोडं शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचं, ठरावीक दिवसांनी तीनदा उलटापालट करायची. साधारण तीन महिन्यांत खत तयार! १९३१ साली या कामावर इंग्रजी पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर आणखी एक नाव आहे: यशवंत वाड, संस्थेतले रसायनाचे सहकारी. हॉवर्डना पुढे सगळं जग ओळखू लागलं. वाडांचं नाव मात्र आपल्यालाही मुद्दाम सांगावं लागतं.

१९३३ मध्ये केनियात नैरोबीजवळच्या किंगाटोरी या कॉफीमळ्याने इंदूर पद्धत उचलली. पण तो मोठा मळा होता, हाताशी मजूर होते. एक-दोन एकरवाल्या कुटुंबाला सेंद्रिय कॉफी परवडते का?

आपल्या मराठी मुलखात कॉफी म्हटली की चिखलदऱ्याचं नाव येतं. या प्रश्नाचं उत्तर पाहायला मात्र आंध्रातल्या अराकू खोऱ्यात जावं लागेल. पूर्व घाटात, सुमारे तीन हजार फुटांवर, हजारो आदिवासी कुटुंबं सिल्व्हर ओकच्या सावलीत अरेबिका कॉफी पिकवतात. त्याच सावलीच्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. थंडीच्या दिवसांत घरातली सगळी माणसं फळं तोडायला जातात, आणि तीही फक्त लाल झालेली. कच्चं फळ मिसळलं की चव बिघडते, म्हणून एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो कॉफी हाती येते. उरलेली साल? ती खताच्या ढिगात. म्हणजे पुन्हा आपलं इंदूर!

आता मुद्द्याची गोष्ट. एकट्या कुटुंबाला सेंद्रिय प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, आणि दोन पोती कॉफी घेऊन परदेशी व्यापाऱ्याशी बोलताही येत नाही. म्हणून गट करावा लागतो. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय नियमांत अशा गटाची सोय आहे. गटाचेच तपासनीस प्रत्येक शेतात जातात, वहीत नोंदी ठेवतात. बाहेरची प्रमाणन संस्था त्या नोंदी पाहते आणि काही निवडक शेतं स्वतः तपासते. प्रमाणपत्र मिळतं ते गटाला.

सोय इथेच, आणि धोकाही इथेच. एखाद्याने रात्री चोरून औषध फवारलं, तर शेजाऱ्याचीही मेहनत पाण्यात जाऊ शकते. आणि मोह तर होणारच ना! खोडकिडा अरेबिकाचा मोठा वैरी. तो लागला की सेंद्रिय शेतकऱ्याने झाड उपटून जाळायचं असतं. नवं रोप लावलं तर फळ धरायला तीन-चार वर्षं. मोठ्या मळ्याला दहा झाडं म्हणजे काहीच नाही. लहान घराला ती पोरांची वह्या-पुस्तकं असतात. म्हणून गटाचं खरं काम प्रमाणपत्रापुरतं नसतं. अशा वेळी रोपं देणं, सल्ला देणं आणि फळांचा रास्त भाव वेळेवर हातात ठेवणं, हे जमलं तरच माणूस नियम पाळतो. नुसत्या उपदेशाने कुणी झाड जाळत नाही.

अराकूत हे पुष्कळसं जमलं. तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, नांदी फाउंडेशनची साथ मिळाली. २०१७ मध्ये ‘अराकू’ नावाचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं आणि २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळालं.

तेव्हा मंडळी, कॉफीच्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ हा शब्द दिसला, तर तो नुसता ‘औषध मारलेलं नाही’ एवढंच सांगत नाही. शेकडो घरांनी एकमेकांवर टाकलेला भरवसा त्यात असतो. महाग वाटली तर जरूर वाटू द्या. पण त्या जादा पैशातले किती त्या घरांपर्यंत पोचतात, हेही दुकानदाराला विचारा. विचारणारं गिऱ्हाईक भेटलं, की हिशेब सांगणाराही तयार होतो.