शिवेपलीकडची मुंबई



आपल्या तळेगावचा मनुष्य मुंबईहून परतला की आपण विचारतो, "काय पाहिलेस?" तो गेटवे, चौपाटी, राणीची बाग अशी नावे सांगतो. आम्हीही मोर्चासाठी आझाद मैदानात कितीदा तरी गेलो आणि रात्रीच्या गाडीने वर्ध्यास परतलो. राजधानी पाहिली, असा आमचा समज होता. पुढे संघटनेच्या कामाने उपनगरांतील चाळींत मुक्काम पडू लागले, तेव्हा कळले की आम्ही नुसती ओसरी पाहिली होती. घर पाहावयाचे राहिलेच होते.

प्रथम शीव घ्या. शीव म्हणजे गावाची हद्द, हे आपणां शेतकऱ्यांस सांगावयास नको. इंग्रजांचे परळ बेट येथे संपे आणि खाडीपलीकडे पोर्तुगिजांची साष्टी लागे. म्हणून १६६९ ते १६७७ च्या दरम्यान इंग्रजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला. आज ती हद्द शहराच्या पोटात गेली आहे. ज्याला आपण 'बाहेरचे' म्हणतो ते कायमचे बाहेरचे नसते, एवढे तो पडका बुरूज शिकवितो.

पुढे जोगेश्वरी. स्टेशनाच्या पूर्वेस सहाव्या शतकातील विस्तीर्ण शैव लेणे आहे. आत देवीची पूजा अद्याप चालते. भोवती कष्टकऱ्यांची वस्ती अगदी अंगाला येऊन भिडली आहे. लेणे जपले पाहिजे, हे खरे. परंतु शहर चालविणाऱ्या माणसास राहावयास जागा नसेल तर तो दुसरीकडे जाईल कोठे? दोन्ही प्रश्न एकदमच सोडवावे लागतील.

तिसरे ठिकाण कान्हेरी. बोरिवलीस उतरून राष्ट्रीय उद्यानात जावे. सोमवारी मात्र ते बंद असते. काळ्या पाषाणात शंभरांहून अधिक लेणी असून हे काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे चालले. तेथील पाण्याची व्यवस्था अवश्य पाहावी. कातळात पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्यांत उतरविले आहे. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या आपल्या भागाने तो धडा घ्यावा. शिलालेखांत व्यापाऱ्यांबरोबर कल्याणच्या एका लोहाराचेही दान नोंदलेले आहे. त्याने वाट करून दिली. राजांची नावे पुस्तकांत असतात. लोहाराचे नाव दगडावर पाहून आमचा ऊर भरून आला.

कोणी म्हणेल, कामगाराला सहलीचे काय? त्याचे उत्तर इतिहासात आहे. गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती नुसती झोप काढण्यासाठी मागितलेली नव्हती. माणसाला स्वतःसाठी, समाजासाठी एक दिवस असावा, हा त्यामागील विचार होता. आज कंत्राटी कामगाराच्या हातून तोच दिवस निसटत आहे.

म्हणून सांगणे एवढेच: मुंबईस गेलात तर एक दिवस राखून लोकलने शिवेपलीकडे जा. मुलांना बरोबर न्या, तो लेख दाखवा आणि सांगा, हे शहर आपल्यासारख्यांच्या हातांनी उभे राहिले आहे.